बास्केटबॉल : चढाई आणि बचाव यांच्या तालमीचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही बास्केटबॉलचे नाव सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. संघटनेच्या कामात केस पांढरे झालेल्या माणसाने मजुरीवर बोलावे, माथाडी कायद्यावर बोलावे; चेंडूवर हा काय बोलणार, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. त्यात आम्ही स्वतः हा खेळ कधी खेळलो नाही. 1986 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, येथल्या एका आरा गिरणीत आमच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली, आणि मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणे एवढेच आमच्या वाट्यास आले. परंतु कडेला उभा राहणारा मनुष्य खेळाडूपेक्षा एक गोष्ट अधिक पाहतो. लोक सामना पाहावयास येतात आणि सामना संपला की जातात. आम्ही तीसपस्तीस वर्षे तालीम पाहिली. आज त्या तालमीचीच हकीकत सांगावयाची आहे.

आमचे लकडगंज नावाप्रमाणेच लाकडाचे. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग येथे येतो, टालांवर रचला जातो, आऱ्याखाली चिरला जातो. संध्याकाळी आरे थांबले तरी त्यांचा आवाज कानांत बराच वेळ घुमत राहतो. त्याच सुमारास मैदानावर चेंडू आपटू लागतो. अंगावरचा भुसा झटकून आलेली पोरे रांगेत उभी राहतात आणि पहिला अर्धा तास एकही गोल न करता नुसता चेंडू एकमेकांकडे फेकीत धावतात. नवख्याला वाटते, हा काय खेळ ! आम्हांलाही तसेच वाटे. पुढे पुस्तके धुंडाळली तेव्हा कळले, की मुळात हा खेळ असाच होता.

1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी, वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ नावाचे तीस वर्षांचे शिक्षक होते. जन्माने कॅनडाचे. हिवाळ्यात बाहेर बर्फ, आत कवायत; अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग त्या कवायतीस इतका कंटाळला होता, की त्यापूर्वीच्या शिक्षकांनी हात टेकले होते. वरिष्ठ ल्यूथर ग्यूलिक यांनी नेस्मिथ यांना चौदा दिवसांची मुदत दिली. नेस्मिथ यांनी विचार केला तो असा : अंगाला अंग भिडते ते चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवताना, तेव्हा पळणेच बंद करावे. चेंडू जेथे हाती आला तेथूनच तो फेकला पाहिजे. लक्ष्य डोक्याच्या वर ठेवले म्हणजे जोराने मारून भागणार नाही, अलगद टाकावे लागेल. शाळेच्या रखवालदाराने सप्ताळूच्या दोन टोपल्या आणून दिल्या. सज्जाचा कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, तेथे त्या ठोकल्या. ती दहा फुटांची उंची आजही तशीच आहे. जगभरच्या खेळाडूंचे गुडघे ज्या उंचीसाठी झिजतात, ती एका सज्जाच्या कठड्याने ठरवून दिली. नियम तेरा, खेळाडू बाजूला नऊ, चेंडू फुटबॉलचा. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला असे सांगतात. टोपलीला बूड होते, म्हणून चेंडू काढावयास शिडी लागे.

आता या एका नियमातून काय निघाले ते पाहा. चेंडू हाती असलेला मनुष्य हलू शकत नाही. मग चढाई कोणी करावयाची? ज्याच्या हाती चेंडू नाही त्याने. चेंडू देऊन टाकावयाचा आणि लगेच मोकळ्या जागी धावावयाचे, ही या खेळाची पहिली तालीम. 'दिला की पळ' असे आमची पोरे तिला म्हणतात. तीन जणांची वेणी घालावयाची तालीम याच घराण्यातली : मधल्याने उजवीकडच्याला चेंडू द्यावा आणि त्याच्या पाठीमागून वळसा घालावा, त्याने डावीकडच्याला देऊन तसेच करावे, असे करीत मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे. दिसावयास नाच, पण चुकला तर तिघे एकमेकांवर आदळतात. आम्ही हमालांना ओंडका उचलताना पाहिले आहे. चौघे ओंडक्याखाली असले म्हणजे ओंडक्याकडे कोणी पाहत नाही. पुढच्याच्या पायाकडे पाहतात. वेणीत जो चेंडूकडेच टक लावून पाहतो तो आदळतो.

गंमत अशी, की हा खेळ शिकवता येतो यावर खुद्द जनकाचाच फारसा विश्वास नव्हता. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्या हाताखालच्या संघाने 55 सामने जिंकले आणि 60 हरले. त्या विद्यापीठाच्या साऱ्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरणे अधिक असलेले ते एकटेच. त्यांचे शिष्य फॉग अॅलन यांनी मात्र गुरूचे ऐकले नाही. त्यांनी सरावाचे शास्त्र केले, सुमारे चार दशके तेथेच संघ घडवले आणि 1927 साली अमेरिकेतील प्रशिक्षकांची संघटना उभी केली. आमच्यासारख्याला यातले शेवटचे वाक्य विशेष आवडते, हे कबूल करावयास हरकत नाही.

चेंडू आपटत नेणे हे मागाहून आले. चोहोंकडून घेरलेला खेळाडू चेंडू खाली टाकी आणि पुन्हा उचली; जणू स्वतःच स्वतःला पास. पळवाट म्हणून सुरू झालेली ही युक्ती पुढे कौशल्य ठरली. तिला मात्र सपाट, कठीण जमीन लागते. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल प्रथमच आला. अंतिम सामना उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानात, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला 19 विरुद्ध 8 असे हरवले. साऱ्या सामन्यात दोघांचे मिळून सत्तावीस गुण! वृद्ध नेस्मिथ त्या स्पर्धेस हजर होते. त्याच वर्षी त्याच बर्लिनमध्ये आमच्या वऱ्हाडातील मंडळीही होती, हे आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक नसेल. वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीस काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे आपले देशी खेळ दाखवले. हुतूतूत एकटा चढाईस जातो आणि सात जण साखळी धरून त्याला अडवतात. बास्केटबॉलमध्ये चढाईही साऱ्यांची आणि बचावही साऱ्यांचा. फरक एवढाच नव्हे. पण हा फरक आमच्या पोरांना समजावयास सर्वांत जड जातो. हुतूतू खेळून आलेला मुलगा चेंडू मिळताच दम धरून एकटाच घुसतो.

लकडगंजातले मैदानही मातीचेच होते. पावसाळ्यात तेथे चेंडू उसळत नसे, म्हणून येथली मुले पास देण्यात तरबेज झाली आणि आपटण्यात कच्ची राहिली. पुढे कोबा झाला तेव्हा उलटे झाले. तालीम जमिनीवरून ठरते, ग्रंथावरून नव्हे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

एकट्याने करावयाच्या तालमींत मायकनची तालीम सर्वांत प्रसिद्ध. जॉर्ज मायकन हा शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाचा सहा फूट दहा इंच उंचीचा, चष्मा लावणारा, पायात पाय अडकणारा मुलगा. 1942 पासून प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारावयास लावल्या, मुष्टियुद्ध शिकवले, नाचाची शिकवणीदेखील लावली. टोपलीखाली उभे राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने, चेंडू जमिनीला लागू न देता टाकीत राहावयाचे, असे रोज शेकडो वेळा. त्यातून असा खेळाडू निघाला, की त्याच्यासारख्या उंच गड्यांसाठी नियम बदलावे लागले : खाली येत असलेला चेंडू टोपलीच्या तोंडावरून उडवण्यास 1944 साली बंदी झाली आणि 1951 साली व्यावसायिक सामन्यांत टोपलीपुढची पट्टी सहा फुटांची बारा फूट झाली. आमच्या मैदानावर ही तालीम करणारी मुले मायकनचे नाव जाणत नाहीत. 'उजवा-डावा' म्हणतात. त्याने काही बिघडत नाही.

मायकनच्याच संघामुळे आणखी एक गोष्ट घडली. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेन येथील संघाने मायकनच्या मिनियापोलिस संघाविरुद्ध चेंडू नुसता धरून ठेवला आणि सामना 19-18 असा जिंकला. प्रेक्षक चिडले. तेव्हा सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब केला : अठ्ठेचाळीस मिनिटांचे 2880 सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे 120 वेळा चेंडू टाकतात, भागाकार चोवीस. 1954 पासून चोवीस सेकंदांत टोपलीकडे चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम झाला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत 1956 साली तीस सेकंद आले आणि 2000 साली तेही चोवीस झाले. मालकाने हातात घड्याळ घेतले की आमच्या पोटात गोळा येतो. कारखान्यांत घड्याळे कशासाठी आली ते आम्ही जाणतो. या घड्याळाने मात्र खेळ वाचवला, हे मान्य केले पाहिजे. जाता जाता सांगतो : त्याच 1954 साली त्या खेळाडूंनी आपली संघटना स्थापन केली, आणि 1964 साली बोस्टन येथील मोठ्या सामन्याच्या दिवशी निवृत्तिवेतनाचा शब्द मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही असे सांगून ते खोलीत बसून राहिले. शब्द मिळाला, मग सामना झाला.

आता बचाव. बचावाची तालीम पाहावयास कोणी येत नाही. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, पाय एकमेकांना न ओलांडता बाजूला सरकत जाणे. नागमोडी रेषेत चेंडूवाल्याच्या पुढे राहून त्याला हात न लावता वळवीत नेणे. दहा मिनिटांत मांड्या पेटतात. तिच्यानंतर येते ती चार विरुद्ध चार ही तालीम. चेंडूवाल्यासमोर एकजण अगदी जवळ. ज्यांच्याकडे लगेच पास जाऊ शकतो त्यांचे रक्षक वाटेत हात घालून उभे. लांबच्याचा रक्षक मात्र आपला माणूस सोडून मध्यभागी येतो, एक डोळा चेंडूवर आणि एक आपल्या माणसावर. चेंडू सरकला की चौघेही त्याच क्षणी सरकले पाहिजेत. कोणी चुकला तर शेजाऱ्याने जागा भरावयाची आणि त्याची जागा तिसऱ्याने. हे सारे तोंडाने चालते. 'चेंडू माझा', 'मदत आहे', 'डावीकडे' असे ओरडत राहावयाचे. मुका बचाव म्हणजे भोकाची चाळणी. येथे सर्वांत लाजरा मुलगा प्रथम बोलावयास शिकतो. आमच्या संघटनेच्या सभेत आज जे दोघेतिघे उभे राहून मालकांच्या प्रतिनिधीशी नीट बोलतात, त्यांतील दोघे याच तालमीतले आहेत.

हा खेळ हिंदुस्थानात मुळे धरू लागला तो शारीरिक शिक्षणाच्या वाटेने. स्प्रिंगफील्ड येथेच शिकलेले हॅरी बक यांनी 1920 साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. राष्ट्रीय स्पर्धा 1934 पासून, अखिल भारतीय संघटना 1950 पासून. नागपूरचा संबंध जरा निराळा आहे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथे 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. 1920 नंतरच्या दशकात त्या मिलने कामगारवस्त्यांतले कल्याणकार्य याच वाय. एम. सी. ए. कडे सोपवले : शाळा, औषधपाणी, खेळ. म्हणजे ज्या संस्थेच्या शाळेत हा खेळ जन्मला, तिचेच लोक आमच्या कामगारांच्या दारात होते. पण तेव्हाचा कामगार खेळणार केव्हा ? 1911 च्या कायद्याने कापडगिरणीत बारा तासांची मर्यादा घातली. 1922 साली आठवड्याचे साठ तास, 1934 साली चौपन्न, आणि 1948 च्या कायद्याने अठ्ठेचाळीस. लहान आरा गिरण्यांत हे आकडे पुष्कळदा कागदावरच राहिले.

दहाबारा वर्षांपूर्वी आमच्या कार्यकारिणीपुढे मुलांसाठी चार चेंडू आणि दिव्याचे बिल असा ठराव आला. आम्ही कडाडून विरोध केला. वरचा सगळा इतिहास ऐकवला. खेळ हे मालकांचे कल्याणकार्य, लढाऊ संघटनेने त्यात पैसा घालू नये, असे अर्धा तास बोललो. एक म्हातारे हमाल सभासद मागे बसले होते. ते इतकेच म्हणाले, "भाऊ, मंग कामाचे घंटे कमी कायले मांगतले होते आपण ?" आम्हांस उत्तर सुचले नाही. ठराव मंजूर झाला. विरोधी मत एकच, आमचे. ते इतिवृत्तात तसेच आहे.

त्या चेंडूंपैकी एकही आता उरलेला नाही, नवे आले. त्या पहिल्या मुलांपैकी एकाला खेळाडू म्हणून नोकरी लागली. दुसरा त्याच्याहून चांगला होता; घरची अडचण म्हणून आऱ्यावर गेला आणि आता रविवारीच येतो. सरावात तो बचाव शिकवतो. त्याची दहाही बोटे शाबूत आहेत. आम्ही दर वेळी मोजतो.

सध्या निम्मे मैदान रात्री ट्रकांनी अडलेले असते, म्हणून एकाच टोपलीवर काम चालते. तीन जणांची वेणी बंद पडली आहे, कारण धावावयास लांबी नाही. चार विरुद्ध चार मात्र अर्ध्या मैदानात होते, आणि या वर्षीची मुले बचावात पूर्वीच्यांपेक्षा सरस आहेत ती यामुळेच. मैदान मोकळे व्हावे म्हणून अर्ज केला आहे. त्यावर वस्तीतल्या 214 जणांच्या सह्या आहेत. व्याख्यानानंतर ज्यांना सही करावयाची असेल त्यांच्यासाठी कागद दाराशी टेबलावर ठेवला आहे. उन्हाळा आहे, तेव्हा सराव संध्याकाळी सातनंतर सुरू होतो.