बिऱ्हाडासोबत जाणारी चूल

बिनधुराच्या चुलीचा विषय निघाला की आम्ही वर्ध्याच्या मगनवाडीचं नाव घेतोच. १९४७ च्या सुमारास तिथून मगन चूल आली. मातीची, धुराड्याची, पण एका जागी लिंपलेली. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईनं ती न्यायची कशी? कोपीसमोर तिचे तीन दगडच. वाऱ्यानं जाळ एकीकडे, तवा दुसरीकडे!

१९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात उचलून नेता येणाऱ्या पत्र्याच्या चुलीही होत्या. जाळ आत कोंडलेला, हवा खालच्या भोकांतून, म्हणून सरपण कमी. धुराडं मात्र नाही; कोपीत पेटवायची नाही, बाहेरच. २००२ च्या सुमारास कार्यक्रम थांबला. फडावर अजून तीन दगडच दिसतात. पहाटे त्यांवर भाकरी भाजून बाई कोयता घेऊन निघते.