हिज्कीयाची राजवट : तीन ग्रंथ आणि एक शिलालेख

प्राचीन यहूदा राज्याचा राजा हिज्कीया याचा वृत्तांत बायबलच्या जुन्या करारात तीन ठिकाणी आढळतो : ‘२ राजे’ (अध्याय १८ ते २०), ‘२ इतिहास’ (अध्याय २९ ते ३२) आणि ‘यशया’ (अध्याय ३६ ते ३९). त्याच्या शत्रूने लिहून ठेवलेली हकिकतही उपलब्ध आहे. त्यामुळे धर्मग्रंथातील राजवटीचा चिकित्सक अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी हिज्कीयाची कारकीर्द विशेष महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

शलमोन राजानंतर राज्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेत इस्राएल व दक्षिणेत यहूदा. इसवी सनपूर्व ७२२च्या सुमारास उत्तरेची राजधानी शोमरोन अश्शूरच्या हाती पडली आणि यहूदाचे छोटे राज्य या बलाढ्य सत्तेसमोर एकाकी उरले. आहाज राजाचा पुत्र हिज्कीया २५व्या वर्षी गादीवर आला व त्याने २९ वर्षे राज्य केले, असे ग्रंथ सांगतात. त्याने मूर्तिपूजेची स्थाने मोडली. मोशेने घडविलेला मानला जाणारा पितळी सर्पही, लोक त्यापुढे धूप जाळू लागल्याने, त्याने फोडून टाकला. संदेष्टा यशया त्याचा समकालीन होता.

एक स्वारी, अनेक वृत्तांत

हिज्कीयाने अश्शूरविरुद्ध बंड केले आणि इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीब राजा यहूदावर चालून आला. हिज्कीयाने क्षमा मागून ३०० किक्कार चांदी व ३० किक्कार सोने दिले. त्यासाठी मंदिराच्या दारांवरचे सोनेही काढावे लागले, अशी नोंद ‘२ राजे’मध्ये आहे. ‘२ इतिहास’ व ‘यशया’ यांत या खंडणीचा उल्लेख नाही. उलट ‘२ इतिहास’ मंदिराची शुद्धी, वल्हांडण सण व उपासनेची नवी व्यवस्था यांवर तीन अध्याय खर्च करतो. परमेश्वराच्या दूताने शत्रुसैन्याचा संहार केला व यरुशलेम वाचले, यावर मात्र तिन्ही ग्रंथांचे एकमत आहे.

सन्हेरीबच्या सहा बाजूंच्या मृण्मय स्तंभावर ४६ तटबंद नगरे जिंकल्याचा, तसेच ३० किक्कार सोने व ८०० किक्कार चांदी मिळाल्याचा दावा आहे. सोन्याचा आकडा तंतोतंत जुळतो, चांदीचा जुळत नाही. लाखीश नगराच्या पाडावाची शिल्पे सन्हेरीबने निनवेच्या राजवाड्यात कोरून घेतली. ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यरुशलेम जिंकल्याचा दावा मात्र तो कोठेही करीत नाही. एका बाजूचे लेखन संहाराविषयी गप्प आहे, तर दुसऱ्या बाजूच्या दोन ग्रंथांत खंडणी नाही.

खडकातील साक्ष

हिज्कीयाने पाणी नगरात आणल्याचे ‘२ राजे’ व ‘२ इतिहास’ सांगतात. गीहोन झऱ्यापासून खडकातून खोदलेला सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा यरुशलेममध्ये आजही पाहता येतो. १८८० मध्ये त्याच्या भिंतीवर सापडलेला हिब्रू शिलालेख सध्या इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. दोन्ही टोकांनी खोदत आलेल्या कामगारांना अखेरीस एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले, हे त्यात वर्णिले आहे. राजाचे नाव त्यात नाही; तरीही बहुतेक अभ्यासक हा बोगदा हिज्कीयाचाच मानतात. ‘यशया’च्या २२व्या अध्यायात मात्र पाण्याची तजवीज करताना ईश्वराचा विसर पडल्याबद्दल यरुशलेमकरांना खडसावले आहे.

कालगणनेचा पेच

‘२ राजे’नुसार शोमरोन हिज्कीयाच्या सहाव्या वर्षी पडले व सन्हेरीब चौदाव्या वर्षी आला. म्हणजे अंतर आठ वर्षांचे. प्रत्यक्षात ते सुमारे २१ वर्षांचे आहे. त्यामुळे राज्यारोहण काही अभ्यासक इ.स.पू. ७२७च्या, तर काही ७१५च्या आसपास मानतात. पिता-पुत्रांनी काही काळ एकत्र राज्य केले असावे, असाही एक तर्क आहे.

अभ्यासाची सुरुवात करणाऱ्याने प्रथम ‘२ राजे’चा १८वा अध्याय वाचावा, मग ‘२ इतिहास’चा ३२वा. कोणत्या ग्रंथाने काय सांगितले याइतकेच त्याने काय वगळले, हेही टिपून ठेवावे. संकटातल्या राजाची कोणती आठवण प्रत्येक लेखकाला जपावीशी वाटली, ते त्यातूनच उमगते.