ढाराढूर झोप, पुढे सरकलेला जबडा आणि कॅसल हिलचा शेजार

कॅसल हिल म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकांत १८०४ सालचं कैद्यांचं बंड येतं. आपण मात्र आज तिथून मेट्रो पकडून पुढे जाऊ. हिल्स शोग्राउंड, नॉरवेस्ट आणि मग बेला व्हिस्टा. या भागात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी तिथली रेझमेड कंपनीची इमारत पाहिली असेल. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसांसाठी मशीन आणि मास्क बनवणारी ही कंपनी जगभर पोहोचली आहे. पण आजची गोष्ट फक्त मशीनची नाही. त्याच आजारावरच्या एका लहानशा वस्तूचीही आहे, जी दातांचे डॉक्टर बनवतात आणि जी डबीत घालून खिशात नेता येते.

आधी आपल्या भाषेबद्दल थोडं. मराठीत माणूस ‘ढाराढूर’ झोपतो आणि ढाराढूर झोपलेला माणूस घोरतो, हे आपण गृहीत धरलेलं असतं. घोरणं म्हणजे झोप छान लागल्याची खूण. जो फारच घोरतो तो कुंभकर्ण, आणि त्याच्यावर घरभर विनोद. आईबाबा सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे राहायला येतात, टाउनहाउसच्या पातळ भिंतीतून रात्री बाबांचा आवाज येतो, आणि सकाळी चहाच्या वेळी सगळे हसतात. या हसण्याने आजवर बराच घोटाळा केला आहे, असं माझं मत आहे.

आणि तो फक्त आपल्याकडेच झालेला नाही. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, काम करता करता घोरतो. १८३६-३७ मधले वाचक त्याच्यावर पोट धरून हसले. त्यानंतर जवळपास सव्वाशे वर्षांनी, १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका रुग्णाचं वर्णन केलं आणि त्या आजाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटलं. म्हणजे वैद्यकशास्त्राने नाव घेतलं तेही विनोदी पात्रावरून. आणि लक्ष गेलं ते लठ्ठपणाकडे. श्वास रात्री नेमका कुठे अडतो, हे १९६५ मध्ये फ्रान्समधले गास्तो आणि जर्मनीतले युंग व कूलो यांच्या गटांनी झोपलेल्या रुग्णांवर रात्रभर नोंदी घेतल्या तेव्हा कळलं. छाती हलते आहे, पोट हलतं आहे, पण हवा आत जात नाही. मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, घसा मोकळा होतो, मोठा घुरकाटा येतो आणि पुन्हा पहिल्यापासून. किमान दहा सेकंद श्वास थांबला तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. तासाला असे अडथळे पाचपेक्षा जास्त असतील तर डॉक्टर कान टवकारतात, तीसपेक्षा जास्त असतील तर आजार तीव्र समजतात. रुग्णाला सकाळी यातलं काहीही आठवत नाही. तो शपथेवर सांगतो की मला मस्त झोप लागली होती.

उपचार काय होता? गळ्याला भोक. १९६९ मध्ये कूलो यांनी ट्रेकिऑस्टोमी करून दाखवली. श्वासनळीला थेट बाहेरून वाट दिली की वरचा अडथळा निरर्थक ठरतो. उपाय अचूक, पण तो घेऊन जगणार कोण?

इथे सिडनी येते. रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमध्ये काम करणारे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी जून १९८० मध्ये वेगळाच प्रयोग केला. गळ्याला भोक पाडून घ्यायला तयार नसलेल्या एका रुग्णाच्या नाकावर मास्क बसवला आणि एका पंख्यातून हलक्या दाबाने हवा सोडली. दाबामुळे घसा आतून उघडा राहिला. एखादा मऊ रबरी पाइप हवा भरून फुगवून ठेवावा तसा. १९८१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा हा शोधनिबंध आला. सुरुवातीची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीची होती. मोटर गुरगुरायची, आणि मास्क रोज रात्री चेहऱ्यावर चिकटवावा लागायचा. तरीही लोक ते घरी न्यायला तयार झाले, यावरून आधीची अवस्था काय असेल याची कल्पना करा. १९८९ मध्ये पीटर फॅरेल यांनी या तंत्रावर कंपनी उभी केली. ती पुढे रेझमेड झाली.

सीपॅप नावाचं हे मशीन चाललं की आजार जवळजवळ नाहीसा होतो. अडचण ‘चाललं की’ या दोन शब्दांत आहे. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘सेव्ह’ नावाची मोठी चाचणी पाहा. हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेले २,७००हून जास्त रुग्ण त्यात होते. मशीन मिळालेल्यांनी ते रात्री सरासरी ३.३ तास वापरलं. बाकीची रात्र ते कपाटावर किंवा उशीशेजारी पडून होतं. आणि पुढचे हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू यांच्यात फरक दिसला नाही. तुमच्या बाबांनी आठवड्याभरात मास्क काढून ठेवला असेल तर ते एकटे नाहीत. त्यांना हट्टी म्हणायची घाई नको.

आता दातांकडे वळू. त्यासाठी मागे जावं लागतं, आणि वाटेत चक्क हैदराबाद लागतं.

क्लोरोफॉर्म आल्यावर एकोणिसाव्या शतकातल्या शस्त्रक्रियांमध्ये माणसं टेबलावरच मरायला लागली. हृदय थांबून मरतात की श्वास थांबून, यावर प्रचंड वाद. मराठवाडा ज्या संस्थानात होता त्या निजामाच्या राजधानीत सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन भरवली. खर्च निजामाने उचलला. दुसऱ्या खेपेला लंडनहून लॉडर ब्रंटन आले. लॉरींचा आग्रह एकच होता: नाडी धरून बसू नका, श्वासाकडे बघा. त्यांचा निष्कर्ष नंतर अर्धाच खरा ठरला, कारण क्लोरोफॉर्म हृदयही थांबवू शकतं. पण बेशुद्ध माणसाचा श्वास ही सतत राखण करण्याची गोष्ट आहे, हे भान त्या काळातलं. आणि ती राखण कशी करायची याची सोपी युक्ती युरोपातल्या सर्जननी तोवर शिकवलेली होतीच: खालचा जबडा दोन्ही बाजूंनी धरून पुढे ओढा. जर्मन लष्करी सर्जन फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांचं नाव या पकडीला चिकटलं आहे. तुम्ही प्रथमोपचाराचा कोर्स केला असेल तर ती तुम्हालाही शिकवली असेल.

यामागचं कारण साधं आहे. जिभेचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, हनुवटीमागे, बांधलेला असतो. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते, आणि टाळूमागची जागा बाजूंनीसुद्धा रुंदावते. पॅरिसचे दंतवैद्य प्येर रोबाँ यांनी १९०२ मध्ये लहान जबड्याच्या मुलांसाठी ‘मोनोब्लॉक’ नावाचं उपकरण वर्णिलं होतं. तेही जबडा पुढे धरून ठेवायचं. एका ओळीचा विचार: भूल देणारा डॉक्टर जे हाताने काही मिनिटं करतो, ते दातांवर बसवलेल्या साच्याने रात्रभर करता येईल का? १९८४ मध्ये जर्मनीत मायर-एवर्ट यांनी तेच केलं, आणि उपकरणाला नावही दिलं ‘एस्मार्ख कवळी’. इतकं प्रामाणिक नाव वैद्यकशास्त्रात क्वचित सापडतं.

आजचं उपकरण म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन पातळ साचे. दात सरळ केल्यावर तुम्हाला रिटेनर मिळाला असेल, साधारण तसेच. ते एकमेकांत असे अडकतात की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो. एकदम नाही, काही आठवड्यांत हळूहळू पुढे नेतात. सुरुवातीला तोंडात लाळ येते, सकाळी कानापुढचा सांधा दुखतो. वर्षानुवर्षं वापरलं तर दात किंचित सरकतात आणि चावा बदलतो. म्हणूनच हे ऑनलाइन मागवून गरम पाण्यात मऊ करून घालायचं खेळणं नव्हे. माप घेणारा आणि नंतर तपासत राहणारा दंतवैद्य हवा, आणि त्याआधी झोपेची तपासणी.

पण चालतं का? १९९०च्या दशकात बरेच डॉक्टर नाक मुरडत होते, आणि त्यांचं चुकतही नव्हतं, कारण पक्क्या चाचण्या मोजक्या होत्या. त्यांपैकी एक पुन्हा सिडनीत झाली. पीटर सिस्टुली आणि त्यांच्या दंतवैद्य सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ती प्रसिद्ध केली. २४ रुग्णांना आळीपाळीने खरं उपकरण आणि जबडा अजिबात पुढे न नेणारी साधी पट्टी दिली. पट्टीवर तासाला सरासरी ३० अडथळे, खऱ्या उपकरणावर १४. नऊ जण पाचच्या खाली आले. मात्र नऊ म्हणजे चोवीस नव्हेत. कोणाला लागू पडेल हे आधी नेमकं सांगता येत नाही, ही या उपचाराची आजही दुखरी बाजू आहे.

मग २०१३ मध्ये त्याच गटाने मशीन आणि जबड्याचं उपकरण समोरासमोर ठेवलं. माणसं तीच, एक महिना हे, एक महिना ते. मशीनवर तासाला अडथळे ४.५, उपकरणावर ११.१. मशीन सरळ जिंकलं. पण मशीन रात्री ५.२ तास वापरलं गेलं, उपकरण ६.५ तास. आणि दिवसाची पेंग, रक्तदाब, रोजचं आयुष्य यांच्यात दोन्हींचा निकाल महिन्याअखेर जवळपास सारखा निघाला. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल वाटतो. उत्तम उपाय अर्धी रात्र आणि बरा उपाय पूर्ण रात्र यांची बेरीज एकच येते. मशीनवाल्यांनीही हे ओळखलं असावं. रेझमेडने २००९ मध्ये फ्रान्सची नार्व्हाल ही अशी उपकरणं बनवणारी कंपनीच विकत घेतली. आजार तीव्र असेल तर मात्र मशीनच आधी, यात फारसा वाद नाही.

आता मुंबई. हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेले, ३५ ते ६५ वयाचे ६५८ पुरुष. स्वतःला निरोगी समजणारे. त्यांच्यात झोपेतल्या श्वासाचा बिघाड १९.५ टक्के निघाला, आणि बिघाडासोबत दिवसा पेंगही येणारे ७.५ टक्के. म्हणजे लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलक्या घेणारा प्रत्येक जण कामाने थकलेला नसतो.

पुरुष. पुन्हा पुरुष. पिकविकचा पोरगा, सलिव्हनचा पहिला रुग्ण, मुंबईचे ६५८. बायका या इतिहासात दिसतात त्या साक्षीदार म्हणून. नवऱ्याचा श्वास थांबला की कोपराने ढोसणाऱ्या, मोजत जाग्या राहणाऱ्या. त्या स्वतः घोरतात हे सांगणार कोण? नवरा तर ढाराढूर. १९९३ मध्ये विस्कॉन्सिनच्या पाहणीने स्त्रियांनाही तपासलं, तेव्हा ३० ते ६० वयोगटात ९ टक्के स्त्रियांमध्ये बिघाड आढळला. पाळी थांबल्यावर धोका वाढतो. आणि स्त्रियांची तक्रार बरेचदा घोरण्याची नसतेच. थकवा, सकाळी डोकेदुखी, झोप न लागणं, अशी असते. ती ‘वयोमानाने होतं’ म्हणून निकालात निघते.

तेव्हा आईलाही विचारा. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमध्ये मरी जॉन्स यांनी १९९१ मध्ये आठ प्रश्नांची एक यादी केली. टीव्ही पाहताना, गाडीत बसल्यावर, दुपारी जेवून शांत बसल्यावर डुलकी लागते का, असे ते प्रश्न. २४ पैकी दहाच्या वर गुण आले तर डॉक्टरकडे जायचं. ते मराठीत विचारायला पाच मिनिटं पुरतात, फक्त दुपारच्या वामकुक्षीचे गुण थोडे जपून द्या. आणि आजीआजोबांना कवळी असेल तर जबड्याचं उपकरण बहुधा बसणार नाही, त्याला पकडायला पक्के दात लागतात. त्यांच्यासाठी जीभच हलक्या ओढीने पुढे धरणारा एक रबरी फुगवटा आहे. शिकागोच्या मानसशास्त्रज्ञ रोझलिंड कार्टराइट यांनी १९८२ मध्ये त्यावर लिहिलं होतं. दिसायला तो अगदी बाळाच्या चोखणीसारखा आहे, हे मात्र आजोबांना आधीच सांगून ठेवा.