गाव मोकरा कवा होते?

करोनाच्या टाळेबंदीची दोन वर्षं आत्याबाई पोंभुर्ण्याच्या आमच्या ओसरीवर बसून एकच विचारायची : "काहून रे, गाव मोकरा कवा होते?" झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. डोळा तिच्या तोंडी डोरा, काळा तो कारा, आणि मोकळा तो मोकरा. मी मास्तरकी केलेला, रोज पेपर वाचणारा माणूस. पण तिला सांगायला माझ्याकडे तारीख नव्हती. पंधरा दिवस म्हणावं तर पंधरा दिवसांनी नवा आदेश यायचा.

गाव बांधतात हे तिला ठाऊक होतं, त्याची तिला काही नवलाई नव्हती. बांधलेलं गाव सोडत कसं नाहीत, हे मात्र तिला कळत नव्हतं.

ही बांधाबांध तिनं तिच्या आजीकडून, म्हणजे माझ्या पणजीकडून ऐकली होती. पणजी लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच वर्षी मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली. साल १९१८. पाऊस दगा देऊन गेलेला, धान लोंबीत भरलंच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं अंगणात बसल्या बसल्या मान टाकू लागली. पुढं मी पुस्तकांत वाचलं, की ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रांतांत त्या तापानं सर्वांत जास्त मृत्युदर गाठला तो आमच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. पणजीला प्रांत वगैरे माहीत नव्हता. तिच्या लेखी तो रोग म्हणजे 'माय', ती मूल गावापर्यंत छोट्या आगगाडीत बसून आली आणि तिथून बैलगाडीनं गावात उतरली. आजार मुंबईच्या बंदरातून रेल्वेच्या रुळांनी देशभर पसरला, असं इतिहासकार सांगतात. पणजी फारशी चुकली नव्हती.

मग भुमकानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, गाव बांधलं. वाटेवर आडवा दोर, दोराला निंबाच्या डहाळ्या, मातामाय देवीपुढं दिवा. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. घरात फोडणी नाही, उखळात मुसळ नाही. किती दिवस? आत्याबाई कधी पाच सांगायची, कधी नऊ. पुढचं मात्र ती दरवेळी एकाच चालीत सांगे. ठरल्या दिवशी भुमक शिवेवर यायचा, सगळं गाव मागं उभं राहायचं आणि तो सगळ्यांसमोर दोर तोडायचा. डफ वाजायचा. बायका घरी जाऊन पहिली फोडणी घालायच्या. "दोर तुटला तवा सगऱ्यायनं पायला," ती म्हणायची. तिच्या गोष्टीत महत्त्व होतं ते या सगळ्यांनी पाहण्याला.

२०२० च्या मार्चअखेर वेशीवर पोरांनी बांबू आडवे टाकले, तेव्हा म्हणूनच ती खूश झाली. "आता बरोबर करून रायले." तेलंगणात मिरची तोडायला गेलेले मजूर तेव्हा तिकडंच अडकले होते. चंद्रपूर-गडचिरोलीतून दरवर्षी हजारोंनी जातात. मजुरीत पैसा आणतात, कधी मिरचीच आणतात. काही जण रानावनातून पायी परतले. त्यांना शाळेत ठेवलं. शाळेच्या पटांगणात वाळत घातलेल्या मिरचीचा खाट आमच्या ओसरीपर्यंत यायचा. आम्ही ठसकलो, की शेजारी दार लावून घ्यायचे.

माझी बहीण वैनगंगेच्या पलीकडं चामोर्शी तालुक्यात दिली आहे. नदीच्या मधून जिल्ह्याची शीव जाते. ही शीव आजवर आम्हाला फक्त मतदानाच्या वेळी आठवायची. आता ओलांडायला ई-पास लागू लागला. फोटो, आधार, डॉक्टरचा दाखला, कारण. कारणांत 'बहिणीला बघायचं आहे' असं काही नव्हतं. मी तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा नामंजूर. शेवटी जावईबापूंनीच रात्री डोंग्यातून तिला अलीकडं आणून सोडलं. पाणी गुडघाभर होतं, डोंगा निम्मी वाट ढकलतच आणला. आत्याबाई म्हणाली, "नदीले का पास लागते?"

सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला पास उठला. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा आला. त्या वेळी तो यायलाच हवा होता, हे मी आजही म्हणेन. आमच्या गल्लीतून त्या महिन्यात दोन माणसं गेली. लोकांचा राग बंद करण्यावर नव्हता. लाट ओसरल्यावर जे रेंगाळत राहिलं, त्यावर होता. देवळं बंद, चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रातली यात्रा बंद. झाडीपट्टीची नाटकं बंद, म्हणजे वडसा भागातल्या शेकडो कलावंतांची हिवाळ्यातली कमाई गेली. आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं उठवलं काय, तर १ एप्रिल २०१५ पासूनची आमच्या जिल्ह्याची दारूबंदी! तिचा करोनाशी संबंध नाही, हे मला समजतं. पण देऊळ कुलपात आणि जुलैत दुकानापुढं रांग, हे पाहणाऱ्या म्हातारीला ते कोणत्या तोंडानं समजावायचं?

मास्कचंही तसंच. एप्रिल २०२० मध्ये पंतप्रधान स्वतः गमछा बांधून टीव्हीवर आले होते. त्यानंतर एकदा बाजारात मी दुपट्टा नाकावर बांधून उभा, तर दोनशेची पावती फाडली. म्हणे हा मास्क नव्हे. मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बायकांना कुणी तरी तिथंही मास्क लावा म्हणून सांगून गेलं. आत्याबाईचा त्यावर प्रश्न : "वाघाले कोन लावते?" नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात मास्क नसल्याचा दंड पाचशे झाला, आणि लसीचे दोन्ही डोस घेतल्याशिवाय बसमध्ये चढायचं नाही असं ठरलं. तेव्हा एसटीचा संप चालू होता. चढायला बसच नव्हती.

या सगळ्या आदेशांना एक आधार होता तो १८९७ चा साथरोग कायदा. मूळचा अवघ्या चार कलमांचा. प्लेगच्या वर्षी इंग्रजांनी घाईघाईत केलेला. त्याच प्लेगच्या घरझडत्यांनी पुणं पेटलं आणि २२ जूनला चापेकरांनी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. कायद्यात बांधायचं कसं ते आहे. सोडायचं कसं, ते मला तरी त्यात सापडलं नाही.

इथपर्यंत लिहून मला भुमकाच्या बाजूनं निकाल देता आला असता. पण पणजीच्या गोष्टीला दुसरा भाग आहे, आणि तो आत्याबाई सहसा सांगत नसे. दोर तोडण्याआधी गावानं एक लाकडी गाडा केला. त्यात हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, लिंबू ठेवून रोगाला बसवलं आणि रात्री ओढत नेऊन पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून दिलं. म्हणजे आमचं गाव मोकळं झालं ते असं. ते पुढचं गाव पणजीचं माहेर होतं. आठ दिवसांत तिचा धाकटा भाऊ गेला. गाड्यानं रोग जात नाही, हे मी तिच्या नातसुनांना समजावू शकतो. तिला कुणी समजावलं नाही. मरेपर्यंत ती सासरच्या मातामायला पाया पडली नाही.

आणि दोराच्या बाहेर कोण राहत होतं, असं मी एकदा आत्याबाईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ते बाहीरच रायत." पुढं काही बोलली नाही. संकटात कुणाला तरी बळी शोधायची खोडही अजून गेलेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बायामाणसांना भर चौकात बांधून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. राज्यानं सगळे निर्बंध काढले, मास्क ऐच्छिक केला. मी ओसरीवर जाऊन आत्याबाईला म्हटलं, "झाला मोकळा." तिनं रस्त्याकडं पाहिलं. रस्ता कालच्यासारखाच होता. डफ नाही, माणसं नाहीत. तिनं मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. तिचंही बरोबरच होतं म्हणा. पॅसेंजर गाडीचं दहाचं किमान तिकीट 'विशेष गाडी' म्हणून तीस झालं होतं, ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. मार्च २०२० मध्ये काढलेली रेल्वेतली म्हाताऱ्यांची सवलत तर परत आलीच नाही.

पुढच्या महाशिवरात्रीला, १८ फेब्रुवारी २०२३ ला, मी तिला मार्कंड्याला नेलं. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली होती. कंडक्टरला आधार दाखवायला तिनं पदराची गाठ सोडली, तर आधारासोबत घडी घातलेला, धुऊन विटलेला मास्कही निघाला. तो तिनं परत गाठीत बांधला. आष्टीच्या पुलावर बस आली, तशी ती खिडकीतून वाकून पाहू लागली.

"इथं नाका होता ना?"

"उठला, आत्याबाई."

"कवा?"

"झालं वर्ष-दीड वर्ष."

"कोनाले सांगतलं?" ती म्हणाली, आणि पूल संपेपर्यंत बाहेरच पाहत राहिली.