नोकरी गेली, कॉफी हाऊस राहिलं

पहिलं ‘इंडिया कॉफी हाऊस’ १९३६ साली मुंबईत चर्चगेटला उघडलं ते अडचणीपोटी. जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले होते, मळेवाल्यांचा माल पडून होता. आदल्याच वर्षी कायदा करून कॉफीवर उपकर बसवला होता. त्या पैशातून देशातल्याच लोकांना कॉफीची चटक लावायची, असं उपकर समितीनं ठरवलं. पीक हाती आलं आणि भाव गेला, हे दुःख मानवतच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कापसाच्या बाजारावर उभं राहिलेलं हे गाव दर दिवाळीनंतर त्याच चिंतेत असतं.

पुढं महायुद्धात युरोपची गिऱ्हाइकी तुटली. १९४२ च्या कायद्यानं आलेल्या व्यवस्थेत मळेवाल्यानं आपला माल कॉफी बोर्डाच्या साठ्यात घालायचा, बोर्डानं विकायचा आणि पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे. आपल्याकडं १९७२ मध्ये सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी ज्यांनी अनुभवली, त्यांना ही पद्धत लगेच ओळखू येईल. देशभरात पसरलेली पन्नासेक कॉफी हाऊसंही बोर्डच चालवत होतं.

पन्नाशीच्या दशकात बोर्डानं ही हाऊसं बंद करायला घेतली. वाढपी, आचारी, भांडी घासणारे घरी बसायची वेळ आली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांना सल्ला दिला, की नुसती नोकरी मागू नका, सोसायटी काढा आणि कॉफी हाऊस तुम्हीच चालवा. माझ्या मते या साऱ्या वाटचालीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळुरूला कामगारांची पहिली सहकारी संस्था झाली. ऑक्टोबरात दिल्लीला नव्या नावाचं ‘इंडियन कॉफी हाऊस’ उघडलं. ८ मार्च १९५८ रोजी केरळात त्रिशूरला सुरुवात झाली. तिथले पुढारी एन. एस. परमेश्वरन पिल्लै हे स्वतः बोर्डाच्या कॉफी हाऊसमधले नोकर. पुढं या चळवळीचा इतिहासही त्यांनीच मल्याळममध्ये लिहिला. काल कपबशा उचलणारा माणूस आज संचालकांच्या निवडणुकीत मत देऊ लागला, आणि हे भाषणात नाही, रोजच्या गल्ल्यावर घडलं.

कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटच्या अल्बर्ट हॉलमधलं कॉफी हाऊसही १९५८ मध्ये बंद पडलं होतं. प्रेसिडेन्सी कॉलेज आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी सरकारकडं धाव घेतली, म्हणून त्याच वर्षी ते पुन्हा उघडलं. दिल्लीत मात्र आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, कॅनॉट प्लेसमधलं कॉफी हाऊस पाडलं गेलं. तिथं लोक तासन्‌तास बसून राजकारण बोलत. एका कपावर कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही, ही या घराची रीतच. पुढं ते मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर गेलं आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. तिरुवनंतपुरमचं तर वास्तुकार लॉरी बेकर यांनी गोल बांधलं. चढत्या उतारावर टेबलं, आणि तुरेदार फेटा बांधलेला वाढपी बीट घातलेलं कटलेट घेऊन वर चढत जातो.

इथं राबणारा मालक झाला, पिकवणारा मात्र दूरच राहिला. ती बाजू जगात दुसरीकडून पुढं आली. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातल्या आदिवासी कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा माल १९८८ साली नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हावेलार’ या शिक्क्यानं विकायला आला; न्याय्य व्यापाराचा हा पहिला शिक्का. भाव एका ठरावीक पातळीखाली जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं मूळ. आपल्या देशात आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी आणि मिरी घेतात. नांदी फाउंडेशनच्या साथीनं त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, सेंद्रिय कॉफी पिकू लागली. २०१७ मध्ये त्यांच्या कॉफीचं दुकान थेट पॅरिसला उघडलं, २०२१ मध्ये बंगळुरूला कॅफे निघाला. आपल्या डोंगरातल्या दाण्याची परदेशात नावानिशी विक्री होते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मानवत चहाचं गाव आहे. कॉफी घरी होते ती पाहुण्यांसाठी, दुधात, जायफळ किसून. इथं कॉफी हाऊस निघालंच तर तीच कॉफी त्याच्या फळ्यावर सर्वांत वर असावी, दाणे अराकूसारख्या शेतकऱ्यांच्या संस्थेकडून यावेत, आणि चालवणाऱ्यांची सोसायटी असावी. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे नोंदणीला वेगवेगळ्या कुटुंबांतली निदान दहा माणसं लागतात. चहाच्या गाड्यांवर आणि खानावळींत दुसऱ्याच्या गल्ल्यासाठी राबणारी माणसं मानवतमध्ये त्याहून कितीतरी जास्त आहेत.