हुबळीची खानावळ आणि पंगतीतली जागा

हुबळीला जाणारा गोमंतकीय माणूस सहसा दोनच कामांसाठी जातो. एक दवाखाना, दुसरं लग्नाची खरेदी. दोन्ही कामांत दुपारचे दीड वाजतात आणि मग प्रश्न येतो, जेवायचं कुठं? या प्रश्नाला तिथं मिळणारी उत्तरं तीन. उडुपी हॉटेल, लिंगायत खानावळ, आणि मटण खाणाऱ्यासाठी सावजी. आता अर्थात मेनूकार्डाची चार-पाच पानं असलेली, आत थंडगार आणि बाहेर गाड्यांची रांग असलेली हॉटेलंही पुष्कळ झाली आहेत. पण ती पणजीलाही आहेत आणि पुण्यालाही. त्यांच्यासाठी ब्रागांझा घाट ओलांडायची गरज नाही. या लेखात पहिल्या तिघांबद्दलच लिहायचं आहे. त्यातही खरं तर त्यांच्या चवीपेक्षा, तिथं कोण कोणाच्या शेजारी बसतं याबद्दल.

आधी थोडं मागं जाऊ. धारवाड जिल्हा १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात आला आणि मुंबई इलाख्याला जोडला गेला. कचेरीत आणि शाळेत बराच काळ मराठीचं वर्चस्व होतं. कन्नडला तिचं स्थान मिळवून देण्यासाठी १८९० मध्ये धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला तो त्याच पार्श्वभूमीवर. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. हुबळी-धारवाडची एकत्र महापालिका १९६२ ची. २०१४ पासून सरकारी कागदावर 'हुब्बळ्ळी' असं लिहितात, पण आपण मराठीत हुबळीच म्हणत आलो. राज्यं बदलली तरी एक शब्द मात्र दोन्ही भाषांत तसाच राहिला: खानावळ. कन्नडमध्ये 'खानावळी'. बेंगळूर-म्हैसूरकडे हा शब्द विचारलात तर लोक गोंधळतील, हुबळी-धारवाडात कोणीही हात करून दाखवील.

खानावळ ही मुळात परगावच्या माणसाची सोय. आगगाडी येण्यापूर्वी प्रवासी माणूस दशम्या-भाकऱ्या बांधून निघायचा, नाहीतर जातभाईच्या घरी उतरायचा, नाहीतर मठात. हुबळीला सिद्धारूढ स्वामींचा मठ आहे. स्वामी १९२९ मध्ये समाधिस्थ झाले. तिथला दासोह, म्हणजे येईल त्याला अन्न, आजही चालू आहे. पण मठात जेवण प्रसाद म्हणून मिळतं. पैसे मोजून, रोज, महिन्याच्या बोलीवर जेवायचं तर दुसरी व्यवस्था हवी. ती गरज निर्माण केली कापसानं आणि रेल्वेनं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) धारवाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि हुबळीची पेठ मोठी झाली. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली, रेल्वेचा कारखाना हुबळीत आला. व्यापारी, दलाल, कारकून, फिटर, गिरणी कामगार. घरदार गावी ठेवून आलेले हे सगळे पुरुष. त्यांना दोन वेळा कोणीतरी वाढायला हवं होतं.

आपल्याशी नातं जुळलं तेही याच रेल्वेनं. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत पोर्तुगीज हद्दीतली लाईन आणि पुढं लोंढा, अळणावर, धारवाड, हुबळी. १८८८ मध्ये हा रस्ता खुला झाला. कित्येक गोमंतकीय मराठी मुलं शिकायला बेळगाव-धारवाडला गेली ती या गाडीनं. १९५५ च्या आर्थिक नाकेबंदीत गाडी बंद पडली आणि मुक्तीनंतर पुन्हा सुरू झाली. त्या पिढीतल्या माणसांशी बोललात तर कॉलेजपेक्षा खानावळीच्या आठवणी जास्त निघतात, हा माझा अनुभव.

लिंगायत खानावळीचं जेवण आपल्याला परकं वाटत नाही. ज्वारीची भाकरी (तिकडं 'रोट्टी'), भरली वांगी म्हणजे 'एण्णगाई', झुणका, कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी, दही, कच्चा कांदा, मेथीची कोवळी पानं तशीच कच्ची. शेवटी भात-सार, आणि तोही नको म्हटलं तर वाढप्याला वाईट वाटतं. आपल्याकडं भात हे जेवण आणि बाकी तोंडीलावणं. तिथं भाकरी हे जेवण आणि भात म्हणजे शेवटचा नमस्कार. गोव्याच्या माणसाला पहिल्या दिवशी मासळीविना चुकल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी तो वांग्याचा मसाला बोटांनी पुसून खातो. रोट्टी दोन प्रकारची: गरम मऊ, आणि पापडासारखी वाळवलेली कडक. कडक रोट्टी चांगली बांधली तर आठवडेच्या आठवडे टिकते.

वातावरण म्हणाल तर फारसं काही नसतं. भिंतीवर बसवण्णांची तसबीर, स्टीलची ताटं, पाण्याचे तांबे, आणि 'बर्री, कूड्री' असं आदरानं बसायला सांगणारा गल्ल्यावरचा माणूस. या 'री' मध्ये त्या भागाची सगळी अदब आहे. रस्त्यात भेटलेला ओळखीचा माणूसही खुशाली विचारताना 'ऊटा आतेन्री?' म्हणतो, जेवण झालं का? मेनूकार्ड नाही, त्यामुळं निवड नाही, त्यामुळं पश्चात्तापही नाही. माझ्या मते शहरातल्या बाहेरच्या जेवणाची खरी परीक्षा इथंच होते. रोज तेच जेवण, त्याच हातांचं, आणि तरी गिऱ्हाईक परत येतं.

उडुपी हॉटेल हा वेगळा वंश. दक्षिण कन्नडातली माणसं घाट चढून मद्रास, मुंबई, बेंगळूर, हुबळी सगळीकडं पसरली. १९२३ च्या पुरानं अनेकांना घराबाहेर काढलं, आणि पुढं १९७४ च्या कर्नाटकातल्या कूळ कायद्याच्या दुरुस्तीनंतर जमिनी गेलेली कुटुंबंही या धंद्यात आली. बेंगळूरचं मावळ्ळी टिफिन रूम १९२४ चं, मद्रासचं वुडलँड्स १९३८ चं, माटुंग्याचं रामा नायकांचं १९४२ चं. म्हणजे आज आपण जी इडली-डोसा संस्कृती अनादि समजतो ती जेमतेम शंभर वर्षांची. स्वैपाकी ब्राह्मण असल्यानं त्याच्या हातचं कोणालाही चालायचं. हॉटेल चालण्याचं हे एक मोठं कारण होतं. इथंच गोची आहे. स्वैपाक सर्वांना चालत होता, पण सर्वांनी बसायचं कुठं?

जुन्या पाट्या आठवून पहा. 'ब्राह्मणांचे भोजनगृह', 'लिंगायत खानावळ', 'हिंदू हॉटेल'. आज आपल्याला ती चवीची जाहिरात वाटते. तेव्हा ती प्रवेशाची अट होती. आत कोणी शिजवलं आहे आणि शेजारी कोण बसणार आहे याची हमी त्या पाटीत असायची. मद्रासला तर हॉटेलच्या पाटीवरच्या 'ब्राह्मण' शब्दाविरुद्ध पेरियारांना १९५७ मध्ये आंदोलन करावं लागलं. आपल्याकडं कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेगळी वाट काढली होती. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं दुकान काढून दिलं, 'सत्यसुधारक' नावाचं, आणि फिरायला निघाले की गाडी तिथं थांबवून स्वतः चहा घ्यायचे, सोबतच्यांनाही घ्यायला लावायचे. एका कपाचं राजकारण म्हणा हवं तर. महाराज १९२२ मध्ये गेले. त्यानंतर १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पुढाकारानं दलितवर्ग शिक्षण संस्था निघाली, आणि तिच्या वसतिगृहांत धारवाडचंही एक होतं. कारण उघड आहे. कॉलेजात नाव घालता येत होतं, पण जेवायची आणि राहायची सोय नसेल तर मुलगा शिकणार कसा?

आणि आता देशपांडे नगर. हुबळीच्या या वस्तीत आज दवाखाने, क्लास, घरं, हॉटेलं असं सगळं आहे. सवाई गंधर्व सभागृह इथलं. आणि 'गंगालहरी', गंगूबाई हनगल यांचं घर, तेही इथलंच.

गंगूबाईंचा जन्म ५ मार्च १९१३ चा, धारवाडचा. मूळ नाव गांधारी. १९३२ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांवर 'गांधारी हनगल' असंच नाव आहे, आणि जी. एन. जोशी यांच्याबरोबरची त्यांची मराठी गाणी जुन्या लोकांना पाठ असतात. पण इथं गाण्याबद्दल नाही बोलायचं. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले ते एकमेव. स्वागतगीत गाणाऱ्या शाळेच्या मुलींत अकरा वर्षांची गंगू होती. पुढं आठवणी सांगताना त्या म्हणत की गांधीजींपुढं गाण्याची धास्ती नव्हती. धास्ती होती ती जेवणं झाल्यावर आपल्याला उष्टी काढायला लावतील याची. दुसरी आठवण धारवाडच्या शुक्रवार पेठेतली. शेजारच्या ब्राह्मणाच्या बागेतले आंबे चोरले, तर त्याचा राग आंब्यांवरून नव्हता, गाणारणीच्या मुलीनं बागेत पाऊल टाकलं यावरून होता. नंतर मोठेपण आल्यावर त्याच लोकांकडून जेवणाची आमंत्रणं येऊ लागली, हेही त्या हसत सांगत.

मला हा प्रसंग कुठल्याही हॉटेलच्या परीक्षणापेक्षा महत्त्वाचा वाटतो. अकरा वर्षांच्या मुलीला देशाचा सगळ्यात मोठा माणूस समोर असताना भीती वाटते ती पत्रावळीची! त्याच काळात हुबळीत हॉटेलं वाढत होती. त्यांच्या मालकांना समाजसुधारणा करायची नव्हती, धंदा करायचा होता. पण टेबलाला पंगतीसारखी वरची आणि खालची बाजू नसते. पैसे टाकले की चहा येतो, आणि शेजारी कोण आहे हे विचारायला वेळ नसतो. अर्थात हे आपोआप झालं असं म्हणणं खोटं ठरेल. अनेक ठिकाणी कप वेगळे होते, बसायला बाहेरचा बाक होता. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं आणि उपाहारगृहं यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला, आणि १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला, तो उगाच नाही.

सावजींबद्दल दोन ओळी. हुबळीत मटणाच्या ज्या खानावळी प्रसिद्ध आहेत त्या सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या. विणकामातून आलेला हा समाज, घरी बोलतो ती बोली मराठी-गुजरातीच्या जवळची. नागपूरचं सावजी हलबा कोष्ट्यांचं, म्हणजे तेही विणकरांचंच. दोन्हीकडं रस्सा तिखटजाळ. बाकी साम्य किती आणि नावाचंच किती, यावर नागपूरकर आणि हुबळीकर यांना एका टेबलावर बसवून मौज बघावी. तिथल्या वातावरणाबद्दल लिहीत नाही. घरच्यांना घेऊन जायचं असेल तर ठिकाण विचारून निवडा एवढंच.

संध्याकाळी रस्त्यावर गिरमिट मिळतं. कांदा-टोमॅटोच्या आंबट-तिखट मसाल्यात कालवलेले चुरमुरे, वर डाळ्यांचं पीठ, सोबत मिरची भजी. गाडीला वेळ असेल तर धारवाडला उतरून लाईन बाजारातला पेढाही घ्यावा. उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून प्लेगमुळं इथं आलेल्या ठाकूर कुटुंबाचा हा पेढा, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तांबूस, खरपूस, वरून पिठीसाखर. आपल्याकडं तो पोचेपर्यंत डब्यातले निम्मे संपलेले असतात. कडक रोट्ट्या मात्र तशाच्या तशा येतात, फक्त पिशवी कुळेपर्यंत कोणाच्या बुडाखाली जाऊ देऊ नये.