अणुवाद आणि अभय

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात राहून आम्ही प्राचीन ग्रीसच्या अणुवादाचा विचार का करावा, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर भय या एका शब्दात आहे. त्या तत्त्वज्ञांनी अणूचा शोध घेतला, त्यामागे माणसाला भयमुक्त करण्याचीही तळमळ होती.

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात ल्युसिपस व त्याचा शिष्य, अब्देरा नगरीचा डेमॉक्रिटस, यांनी असे प्रतिपादन केले की विश्वाच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत: अविभाज्य अणू आणि पोकळी. अणूंच्या संयोगाने वस्तू घडतात, वियोगाने लय पावतात. आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक दर्शनानेही परमाणू मानला. परंतु त्या परंपरेने परमाणूंच्या गतीमागे जीवांच्या धर्माधर्मातून उपजलेले ‘अदृष्ट’ कल्पिले. डेमॉक्रिटसच्या अणूला पापपुण्य ठाऊक नाही. त्यामुळे नीतीचा सारा भार माणसाच्या विवेकावर येतो. चित्ताची प्रसन्नता हे त्याने जीवनाचे ध्येय मानले व ती संयमाने लाभते असे सांगितले. कोणी पाहत नसतानाही माणसाला स्वतःचीच लाज वाटली पाहिजे, हा त्याचा उपदेश आजही अंतर्मुख करतो.

ख्रिस्तपूर्व ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मलेल्या एपिक्युरसने हा विचार पुढे नेला. अथेन्समधील त्याच्या उद्यानात स्त्रियांना व गुलामांनाही प्रवेश होता. देवांचा कोप व मृत्यू या दोन भयांनी माणूस पोखरला जातो. निसर्गाची कारणे कळली की ही भये ओसरतात, असे तो म्हणे. चैनबाजीचा पुरस्कर्ता म्हणून तो बदनाम झाला. प्रत्यक्षात देहाला वेदना नसणे व मनाला अस्वस्थता नसणे यालाच तो सुख म्हणत असे. अणू आपल्या मार्गापासून किंचित ढळतात, असे त्याच्या पंथाने मानले. सारेच अटळ असेल तर माणसाला जबाबदार कसे धरावे, हा प्रश्न त्यामागे होता.

अथेन्समध्ये संत पौलाशी वाद घालणाऱ्यांत एपिक्युरसचे अनुयायी होते, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात नमूद आहे. देव आहेत, पण त्यांना माणसांची चिंता नाही, हे एपिक्युरसचे मत ख्रिस्तसभेला मान्य होणे शक्यच नव्हते. तथापि सतराव्या शतकात फ्रान्समधील पिएर गासेंदी (१५९२–१६५५) या कॅथलिक धर्मगुरूनेच अणुवादाचे पुनरुज्जीवन केले. अणू परमेश्वराने निर्मिले व गतीही त्यानेच दिली, असे मांडून त्याने अणुवादाला निरीश्वरवादापासून वेगळे केले.

या भयाचे रूप आपल्या गावांनी पाहिले आहे. गोवर-कांजिण्या म्हणजे देवीचा कोप, कुष्ठरोग म्हणजे पूर्वपापाचे फळ, ही समजूत घरोघरी होती. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रियांना, त्यांतील अनेक निरक्षर व दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकविले. रोगाची कारणे समजलेल्या या भगिनी शेजारणींच्या दारी जाऊन तेच ज्ञान सांगू लागल्या. आरोळे दांपत्याची प्रेरणा ख्रिस्ताची होती, एपिक्युरसची नव्हे. तरीही कारण कळले की भय सरते, या त्याच्या म्हणण्याचा प्रत्यय येथे आला.

मात्र एका बाबतीत या भगिनी त्याच्या पुढे गेल्या. लोकांच्या नजरेआड राहून शांत जगावे, असे एपिक्युरस सांगे. या भगिनी उंबरठा ओलांडून निघाल्या. आम्हां धर्मगुरूंनाही यातून एक प्रश्न पडावा. आजाऱ्याच्या उशाशी बसून आम्ही त्याच्या मनातले भय कमी करतो, की परमेश्वराच्या नावाने त्यात भर घालतो?